मिशिगनचे एकोणीस हजार मतदार आणि आपल्या मालावरचे शुल्क

अमेरिकेत निवडणूक म्हटली की आपल्याकडची वर्तमानपत्रे फक्त राष्ट्राध्यक्षाची गोष्ट सांगतात. व्हाइट हाऊसमध्ये कोण बसला एवढे कळले की आपला व्यापारी वर्तमानपत्र मिटून गल्ल्याकडे वळतो. परंतु ज्याचा माल समुद्रापलीकडे जातो, किंवा माल पाठवणाऱ्या कारखान्याचे सुटे काम जो आपल्या लेथवर करून देतो, त्याने एवढ्यावर थांबू नये. अमेरिकेच्या राज्यघटनेने परदेशी मालावर शुल्क बसवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिलेला नाही. तो काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला आहे. (मराठीत या शुल्कालाही जकात म्हणण्याची रीत आहे. शरीअतमधील जकातीशी त्याचा संबंध नाही, म्हणून इथे शुल्क हाच शब्द वापरू.)

मग राष्ट्राध्यक्ष सही करून शुल्क वाढवतात ते कसे? काँग्रेसनेच वेळोवेळी कायदे करून आपला अधिकार त्यांना वापरायला दिला. १९६२ च्या कायद्याने देशाच्या सुरक्षेचे कारण दाखवून शुल्क वाढवता येते. १९७४ च्या कायद्याने इतर काही कारणांसाठी येते. २०२५ साली ट्रम्प यांनी एप्रिलमध्ये परदेशी मोटारींवर आणि मे महिन्यात मोटारींच्या सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावले ते १९६२ च्या कायद्याने. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचे शुल्क मार्चमध्ये २५ टक्के आणि जूनमध्ये ५० टक्के झाले तेही त्याच कायद्याने. २७ ऑगस्ट २०२५ पासून हिंदुस्थानच्या बहुतेक मालावर ५० टक्के भार पडला, तो मात्र आणीबाणीच्या एका वेगळ्या कायद्याखाली. त्यावरून खटला उभा राहिला आणि त्याच वर्षी तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. वादाचा मुद्दा एकच होता : हा अधिकार नेमका कोणाचा?

उसना दिलेला अधिकार काँग्रेस परत घेऊ शकते, त्याला अटी घालू शकते किंवा डोळे मिटून बसू शकते. ती काय करील हे तिच्या दोन सभागृहांत कोणाचे बहुमत आहे यावर ठरते, आणि बहुमत ठरते मोजक्याच राज्यांत. कॅलिफोर्निया किंवा अलाबामात सिनेटची जागा कोणाची, हे निवडणुकीआधीच सांगता येते. मिशिगनमध्ये ते सांगता येत नाही. शिवाय मिशिगन हे मोटारींचे राज्य. म्हणून या पानावर आज मिशिगन.

मोटारींचे गाव, कामगारांची मते

डेट्रॉइट शहराला लागून डिअरबॉर्न आहे. फोर्ड कंपनीची कचेरी तिथे आहे. १९१४ साली हेन्री फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, तेव्हा ती चालू दराच्या जवळजवळ दुप्पट होती. दूरदूरची माणसे कामाला आली. त्यांत शाम-लेबनॉनकडचे आणि पुढे यमनचे मुसलमानही होते. फोर्डचा तेव्हाचा मोठा कारखाना डेट्रॉइटच्या पोटातल्या हायलंड पार्क या गावात होता, आणि १९२१ साली त्या गावात मशीद उभी राहिली. अमेरिकेतील अगदी पहिल्या मशिदींत तिची गणना होते. पुढे काम डिअरबॉर्नच्या रूज नदीकाठच्या कारखान्यात गेले, तशी वस्तीही तिकडे सरकली. २०२० च्या जनगणनेत डिअरबॉर्नच्या निम्म्याहून अधिक रहिवाशांनी आपले मूळ अरब देशांत आणि आसपासच्या मुलखात असल्याचे नोंदवले. शेजारचे हॅमट्रॅमक हे एके काळी पोलंडहून आलेल्या कामगारांचे गाव होते. आज तिथे यमनी आणि बांगलादेशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत.

कारखान्यांबरोबर संघटना आली. मोटार कामगारांची युनियन १९३५ साली स्थापन झाली. फ्लिंट गावात १९३६-३७ च्या हिवाळ्यात कामगार यंत्रांपाशी ४४ दिवस ठाण मांडून बसले आणि जनरल मोटर्सला युनियन मान्य करावी लागली. तेव्हापासून मिशिगनमध्ये कोणत्याही पक्षाचा उमेदवार कामगाराला डावलून निवडून येऊ शकत नाही. शुल्काच्या प्रश्नावर याचा परिणाम चांगलाच दिसतो. २०२४ मध्ये युनियनचे अध्यक्ष शॉन फेन यांनी डेमोक्रॅट कमला हॅरिस यांचा प्रचार केला, ट्रम्प यांच्यावर कडक टीका केली. २०२५ मध्ये त्याच ट्रम्प यांनी परदेशी मोटारींवर शुल्क लावले तेव्हा त्याच फेन यांनी त्याचे स्वागत केले. तेव्हा डेमोक्रॅट आले म्हणजे आपल्या सुट्या भागांचा रस्ता मोकळा झाला, हा हिशेब मिशिगनपुरता तरी कच्चा आहे.

कारखाने गेले, माणसे गेली, आणि माणसांबरोबर जागाही गेल्या. प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागा दर दहा वर्षांनी लोकसंख्येप्रमाणे राज्यांना वाटल्या जातात. १९७० च्या दशकात मिशिगनला १९ जागा होत्या. २०२२ च्या निवडणुकीपासून त्या १३ आहेत. दुकान तेच, पण दर मोजणीला फळीवरचा माल थोडा कमी.

एकच गृहस्थ, १११ आणि १९ हजार

मिशिगनची लढत किती बारीक असते याचा दाखला म्हणून माइक रॉजर्स यांची हकीकत पुरेशी आहे. रॉजर्स रिपब्लिकन, पूर्वी एफबीआयमध्ये होते. २००० साली लॅन्सिंग भागातील डेबी स्टॅबेनो या डेमोक्रॅट बाईंनी प्रतिनिधीगृहाची आपली जागा सोडून सिनेट लढवले. त्या रिकाम्या जागेवर रॉजर्स अवघ्या १११ मतांनी निवडून आले. आपल्याकडे ग्रामपंचायतीतही याहून मोठा फरक पडतो. त्या १११ मतांवर त्यांनी पाय रोवले आणि चौदा वर्षे ते प्रतिनिधीगृहात राहिले.

२०२४ साली स्टॅबेनो सिनेटमधून निवृत्त झाल्या. रॉजर्स पुन्हा त्यांच्याच मोकळ्या जागेसाठी उभे राहिले. समोर डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन. या वेळी रॉजर्स हरले, फरक सुमारे १९ हजार मतांचा. मतदान झाले होते पंचावन्न लाखांवर. शंभरात एक मतही नाही, एका मताचा तिसरा हिस्सा.

यातली खरी गंमत पुढे आहे. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर ट्रम्प यांनी मिशिगन सुमारे ८० हजारांनी जिंकले. म्हणजे वरच्या ओळीत रिपब्लिकन, खालच्या ओळीत डेमोक्रॅट. स्लॉटकिन यांना हॅरिस यांच्याहून फार मते पडली म्हणून असे झाले काय? नाही. त्यांना हॅरिस यांच्यापेक्षा थोडी कमीच मते होती. रॉजर्स मात्र ट्रम्प यांच्या सव्वा लाखाने मागे राहिले. ट्रम्प यांच्या नावासमोर खूण करून पुष्कळ मतदारांनी सिनेटची ओळ कोरी सोडली, काहींनी लहान पक्षांना मत दिले. गिऱ्हाईक एका मालासाठी दुकानात आले, तो घेतला आणि शेजारच्या मालाकडे न पाहता निघून गेले.

मुसलमान मतदारांचाही त्या वर्षी यात हात होता. गाझातील युद्धामुळे डिअरबॉर्न आणि हॅमट्रॅमकमध्ये बायडन सरकारवर तीव्र नाराजी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेमोक्रॅट पक्षांतर्गत मतदानात राज्यभर एक लाखाहून अधिक लोकांनी बायडन यांच्याऐवजी 'कोणालाच नाही' अशा अर्थाच्या रकान्यात मत टाकले. नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्न शहरात ट्रम्प पहिले आले. पण त्याच शहराने प्रतिनिधीगृहासाठी डेमोक्रॅट रशिदा तलीब यांना भरघोस मते दिली. तलीब यांचे आईवडील फिलिस्तीनचे, वडील फोर्डच्या कारखान्यातले कामगार. २०१८ साली त्या आणि मिनेसोटाच्या इल्हान ओमर या काँग्रेसमध्ये जाणाऱ्या पहिल्या दोन मुसलमान स्त्रिया ठरल्या. मतदार माणूस पाहून खूण करतो, पक्ष पाहूनच करतो असे नाही. हे ज्याला कळले त्यालाच मिशिगनमध्ये सिनेट मिळते.

प्रतिनिधीगृहाच्या जागाही अशाच हलत्या आहेत. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या उत्तरेकडील दहाव्या मतदारसंघात रिपब्लिकन जॉन जेम्स सुमारे १,६०० मतांनी आले. त्या वर्षी राज्यात डेमोक्रॅट ७, रिपब्लिकन ६ असे बळ होते. २०२४ मध्ये लॅन्सिंगची जागा स्लॉटकिन यांनी सिनेटसाठी सोडली, ती रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी घेतली आणि आकडे उलटे झाले. फ्लिंटची जागा मात्र ट्रम्प पुढे असूनही डेमोक्रॅट क्रिस्टन मॅकडोनाल्ड रिव्हे यांनी राखली.

बेळगावचा माणूस डेट्रॉइटचा खासदार

मराठी वाचकाला या राज्यात एक ओळखीचे नाव सापडेल. श्री ठाणेदार यांचा जन्म चिकोडीचा, बालपण बेळगावात गेले. घरची गरिबी. १९७९ साली ते अमेरिकेला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि १९९१ मध्ये कर्ज काढून एक छोटी प्रयोगशाळा विकत घेतली. धंदा वाढला. मग २००८ च्या मंदीत कर्जाने बुडाला आणि बँकांनी ताब्यात घेतला. त्यानंतर ॲन आर्बर गावी त्यांनी दुसरी प्रयोगशाळा काढून पुन्हा उभारी धरली. धंद्यात एकदा बुडून वर आलेला माणूस आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. 'ही श्रींची इच्छा' हे त्यांचे मराठी आत्मकथन अनेकांनी वाचले आहे.

२०१८ मध्ये त्यांनी राज्याच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे एक कोटी डॉलरहून अधिक ओतले आणि पक्षांतर्गत मतदानात तिसरे आले. दुसरे आले होते डॉक्टर अब्दुल अल-सय्यद, मूळ इजिप्तच्या घराण्यातले. २०२२ मध्ये ठाणेदार डेट्रॉइट-हॅमट्रॅमकच्या तेराव्या मतदारसंघात उतरले. इथे नोव्हेंबरची लढत नावापुरती असते. डेमोक्रॅट उमेदवारी मिळाली की जागा मिळाली. खरी निवडणूक ऑगस्टमधली, पक्षांतर्गत. नऊ उमेदवार होते, मते फुटली आणि २८ टक्क्यांवर ठाणेदार जिंकले. २०२४ मध्ये पुन्हा आले.

आपल्याला अभिमान वाटणे साहजिक आहे. पण डेट्रॉइटचे तीन चतुर्थांशाहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत. १९५५ पासून त्या शहराचा निदान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असायचाच, तो २०२३ मध्ये नाहीसा झाला. तिथल्या लोकांनी यावर नाराजी दाखवली, ती आम्हाला गैर वाटत नाही. नऊ जणांत मते वाटली गेली की खिशात पैसा असणाऱ्याचे फावते, हे आपल्या नगरपालिकांतही आपण पाहतोच.

समितीची खुर्ची

आता मुद्द्याची गोष्ट. शुल्काचे प्रत्येक विधेयक प्रतिनिधीगृहाच्या 'वेज अँड मीन्स' समितीतून जाते. देशाच्या कर आणि शुल्काची चावी या समितीकडे असते. २०१० ते २०१५ या काळात तिचे अध्यक्षपद लागोपाठ मिशिगनच्या दोघांकडे होते. आधी डेमोक्रॅट सँडर लेव्हिन. मग बहुमत बदलताच मिडलंड गावचे रिपब्लिकन डेव्ह कॅम्प. पक्ष बदलला तरी खुर्ची मोटारींच्या राज्यातच राहिली. कॅम्प यांच्या जागी आलेले जॉन मूलेनार यांच्याकडे २०२४ मध्ये चीनवर नजर ठेवणाऱ्या खास समितीचे अध्यक्षपद आले. एकदा रोवलेला पाय इथे लवकर निघत नाही. डिंगेल घराण्यातला माणूस १९३३ पासून काँग्रेसमध्ये आहे : आधी बाप, मग मुलगा जॉन, तो तब्बल ५९ वर्षे, आणि २०१५ पासून त्याची पत्नी डेबी.

या समितीचा आपल्याशी थेट संबंध कसा, ते जीएसपी या सवलतीवरून समजेल. गरीब आणि विकसनशील देशांचा ठरावीक माल अमेरिका या योजनेखाली बिनशुल्क येऊ देत असे. वाहनांचे बरेच सुटे भाग त्यात होते, चामड्याच्या काही वस्तूही होत्या. हिंदुस्थान हा या सवलतीचा सर्वात मोठा लाभार्थी. ५ जून २०१९ पासून ट्रम्प यांनी हिंदुस्थानला यातून वगळले. त्यानंतर २०२० च्या अखेरीस संपूर्ण योजनेचीच मुदत संपली. ती वाढवणे राष्ट्राध्यक्षाच्या हातात नव्हते, ते काम काँग्रेसचे. विधेयके आली, समितीत चर्चा झाल्या, पण वर्षामागून वर्षे गेली तरी मुदतवाढ झाली नाही. दरम्यान खरेदीदार भाव पाडून मागू लागला. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना, कोल्हापूरच्या फौंड्रींना सुटे काम करून देणाऱ्या आपल्या कारागिरापर्यंत तो कमी झालेला भाव पोहोचला. का कमी झाला, हे मात्र त्याला कोणी सांगितले नाही.

मिशिगनचे दुसरे सिनेटर गॅरी पीटर्स यांनी जानेवारी २०२५ मध्येच जाहीर केले की २०२६ मध्ये आपण उभे राहणार नाही. त्या मोकळ्या जागेसाठी रॉजर्स यांनी पुन्हा कंबर कसली, आणि डेमोक्रॅट उमेदवारी मागणाऱ्यांत वर उल्लेख केलेले अल-सय्यद हेही पुढे आले. पक्षांतर्गत मतदानाची तारीख ४ ऑगस्ट २०२६, मुख्य मतदानाची ३ नोव्हेंबर. नाताळचा माल साधारण याच दोन तारखांच्या मध्ये जहाजावर चढतो. नवी काँग्रेस ३ जानेवारी २०२७ ला बसायची आहे. जुन्या काँग्रेसमध्ये जी विधेयके तोवर मंजूर झालेली नसतात ती तिच्याबरोबरच संपतात, आणि नव्या सभासदांना ती पहिल्या पानापासून पुन्हा मांडावी लागतात.