फळांच्या सारणाची भाजलेली करंजी

वैशाख सरत आला म्हणजे आमच्या पोशीर गांवीं फळांना तोटा नसतो. परसांतला रायवळ आंबा एकदम पिकतो, कापा फणस घमघमूं लागतो, आणि डोंगरवाड्यांवरच्या ठाकूर बायका करवंदांच्या पाट्या घेऊन दारीं येतात. पुढें लगेच जांभळें. या साऱ्या वैभवाला मुदत मात्र थोडी. मृगाचा पाऊस एकदां लागला कीं आंब्यांत अळी पडते आणि करवंदें पाणचट होतात. म्हणून कर्जतच्या बाजूच्या घराघरांतून या दिवसांत साठें, फणसपोळी आणि मुरंबे यांची एकच धांदल असते. या यादींत आमच्या घरीं एका नव्या पदार्थाची भर पडली. त्याची हकीकत आणि कृति वाचकभगिनींना सांगावयाची आहे.

आमचें कुटुंब एकत्र. सुटींत मुंबई-पुण्याची मुलें आलीं म्हणजे पंगत अठरा पानांची होते. गेल्या वर्षीं मुलांनीं येतांना फळांचा गर भरलेल्या पफांचा पुडा आणला. सर्वांनीं तो आवडीनें फस्त केला. सासूबाईंनीं मात्र हात लावला नाहीं. अंडें त्यांना वर्ज्य, आणि बाजारच्या पदार्थांत तें आहे कीं नाहीं हें नुसतें पाहून कळत नाहीं. "तुम्ही खा रे बाळांनो, मीं पाहूनच खाल्लें," एवढेंच त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यांत रुसवा नव्हता, हेंच मला अधिक लागलें. ज्या माउलीच्या हातची करंजी खाऊन तीन पिढ्या वाढल्या, तिनेंच नातवंडांच्या पंगतींत नुसतें बसून राहावें! तेवढ्यांत धाकट्या नातीनें विचारलें, "आजी, मग तुला चालतील असे घरीं करतां येत नाहींत का?"

करतां येतात. किंबहुना, यांतील अवघड भाग आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊकच होता. पफाचे पापुद्रे सुटतात ते पिठाच्या थरांमध्यें स्निग्धाचा थर राखल्यामुळें. आणि आपल्या चिरोट्याचा साटा दुसरें काय करतो? तूप व तांदळाची पिठी फेसून पोळीवर लावावयाची, पोळीवर पोळी ठेवून वळकटी करावयाची, ती कापून लाट्या लाटावयाच्या. तत्त्व एकच. फरक इतकाच कीं, लोण्यांत सुमारें सोळा टक्के पाणी असतें. त्याची भट्टींत वाफ होऊन थर फुगतात. तुपांत पाणी जवळजवळ नसतें. म्हणून साट्याची करंजी पफाइतकी फुगत नाहीं, पण खुसखुशीतपणांत तिळमात्र उणी पडत नाहीं.

भट्टीही आपल्याला परकी नाहीं. पाठारे प्रभूंच्या घरचें भानोलें खालीं विस्तव व झांकणावर निखारे ठेवून भाजण्याची रीत प्रसिद्ध आहे. गोव्याचें बेबिंक तर वरच्या निखाऱ्यांवरच एकेक थर करून भाजीत. तेव्हां ओव्हन नसला तरी अडून बसण्याचें कारण नाहीं.

आतां कृति. सोळा करंज्यांना पाव किलो मैदा घ्यावा. त्यांत चिमूटभर मीठ व पाऊणशें ग्रॅम थिजलेलें तूप बोटांच्या अग्रांनीं चोळावें, आणि लागेल तेवढ्या थंड पाण्यानें घट्टसर भिजवून अर्धा तास झांकून ठेवावें. फार मळूं नये. मळण्यानें पिठाला तार येते व करंजी वातड होते. तीन चमचे तूप व तितकीच तांदळाची पिठी पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसून साटा करावा. पिठाच्या तीन पोळ्या लाटाव्यात, प्रत्येकीवर साटा लावून एकीवर एक ठेवाव्यात, घट्ट गुंडाळी करून सोळा तुकडे कापावेत आणि पंधरा मिनिटें गार जागीं ठेवावेत.

सारणासाठीं अर्धा किलो पिकलीं करवंदें देठ काढून मिठाच्या पाण्यांत घटकाभर ठेवावीं, म्हणजे चीक निघतो. मग धुऊन, थोड्या पाण्यांत शिजवून चाळणीवर गाळावीं. बिया वर राहतात. गराच्या वजनाइतकी साखर घालून मंद आंचेवर आटवावें. थंड बशीवर टाकलेला थेंब ओघळला नाहीं म्हणजे तें झालें. सारण थोडें उरेल. तें बरणींत भरावें. करवंदांत आंबटपणा व पेक्टिन दोन्ही असल्यानें तें लवकर आळतें. आंब्याचा रस घेतल्यास साखर निम्मी पुरते, पण लिंबाचा रस पिळावा लागतो. कापा फणसाचे गरे बारीक चिरून गुळांत शिजवले तर तेंही सारण उत्तम होतें.

आमचा पहिला घाणा मात्र साफ फसला. घाईनें मीं सारण कोमट असतांनाच भरलें. त्याच्या उष्णतेनें साटा वितळला, रस बाहेर आला, आणि करंज्या ताटाला चिकटून तळाशीं कच्च्या राहिल्या. तळतांना उकळत्या तुपाची आंच सर्व बाजूंनीं एकदम लागते, भट्टींतील हवेची आंच सावकाश लागते. म्हणून ओलें सारण येथें अधिक नडतें. त्या अपयशांतून चार नियम शिकलें. सारण पुरतें गार असावें. लाटीवर आधीं चिमूटभर भाजलेला रवा पसरावा, तो रस शोषून घेतो. सारण एकच चमचा भरावें, कडा दुधानें चिकटवून मुरड घालावी आणि वाफ निघण्यासाठीं वर दोन टोंचे द्यावे. आणि ताट आधींच तापलेलें असावें. ओव्हन २०० अंशांवर तापवून दहा मिनिटें, पुढें १८० अंशांवर पंधरा मिनिटें, हा अजमास. रंग येण्यासाठीं अंड्याच्या ठिकाणीं दूध-साखरेचा हात पुरेसा होतो.

दुसऱ्या घाण्याच्या वेळीं वळवाच्या वाऱ्यानें वीज गेली. करंज्या भरून तयार, ओव्हन थंड. मी हताश होऊन बसलें. तोंच सासूबाई उठल्या. "वाळू आहे ना घरांत?" त्यांनीं माळ्यावरचें जाड बुडाचें पातेलें काढावयास लावलें, तळाशीं दोन बोटें वाळू पसरून तें चुलीवर ठेवलें. वाळू चांगली तापल्यावर तिवई, तिवईवर करंज्यांची थाळी, वर झांकण आणि झांकणावर निखारे. "खालीं कमी, वर जास्त," त्या म्हणाल्या, "आणि अर्धा वेळ झांकण उघडावयाचें नाहीं." लहानपणीं त्यांच्या माहेरीं नानकटाई अशीच भाजीत, हें मला लग्नाला तीस वर्षें झाल्यावर त्या दिवशीं कळलें!

अर्ध्या तासानें झांकण निघालें, तेव्हां करंज्या बदामी झाल्या होत्या आणि एकीचीही कड सुटली नव्हती. कंदिलाच्या उजेडांत पंगत बसली. पहिली करंजी नातीनें आजीच्या पानांत वाढली. सासूबाईंनीं ती मोडली, पापुद्रा न्याहाळला, आणि म्हणाल्या, "साटा अजून थोडा फेसावयास हवा होता."

आमच्या घरीं यापरती पसंतीची पावती नाहीं. भगिनींनीं येत्या मोसमांत हा प्रयोग अवश्य करून पाहावा. मात्र प्रारंभ करण्यापूर्वीं घरांतील वडील बायकांना एकदां विचारावें. पुस्तकांत शोधावयास जातों त्यांतलें पुष्कळसें त्यांच्यापाशीं असतें. कोणी विचारलें नाहीं, म्हणून त्या बोलत नाहींत.