केशवाहिनीतील रक्तप्रवाहाचे प्रतिमान



अलंकारांचा अभ्यास करताना उपमेय आणि उपमान ही जोडी तुम्हांला परिचित झाली आहे. शास्त्रज्ञ रचतो ते प्रतिमान हेही एक प्रकारचे उपमानच होय. मात्र त्याचे साम्य कोठपर्यंत टिकते, हे त्याला मोजून तपासावे लागते.

जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागांत ठिबक सिंचन तुम्ही पाहिले असेल. मोठ्या नळातून पाणी उपनळात, तेथून बारीक नळ्यांत जाते. हृदयातून निघालेले रक्तही असेच धमन्यांतून केशवाहिन्यांत पोहोचते. रक्ताभिसरण समजून घेण्यासाठी प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून पाहिले. दाब व लांबी तीच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, असे त्याला आढळले.

येथपर्यंत उपमा जुळते. पुढे ती अपुरी पडते. पाणी एकजिनसी असते. रक्ताचा मात्र जवळजवळ निम्मा भाग पेशींचा असतो. तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रोमीटर रुंद असते, तर काही केशवाहिन्या जेमतेम ५ मायक्रोमीटरच्या असतात. (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्यांतून पेशी अंग दुमडून, एकामागून एक पुढे सरकतात. १९३१ मध्ये स्वीडनच्या फारेयस व लिंडक्विस्ट यांनी दाखवून दिले, की सुमारे ०.३ मिलिमीटरहून अरुंद नळीत रक्त अधिक पातळ असल्यासारखे वाहते. कारण पेशी मध्यभागी सरकतात आणि भिंतीलगत रक्तद्रवाचा थर उरतो.

म्हणून आजच्या संगणकीय प्रतिमानांत प्रत्येक पेशी स्वतंत्र धरली जाते. तिचे आवरण म्हणजे सूक्ष्म स्प्रिंगांचे जाळे मानून, द्रवाच्या रेट्याने ते किती वाकते याचे गणित क्षणोक्षणी मांडले जाते.

याचे महत्त्व सिकलसेल आजारात कळते. विदर्भात आणि नंदुरबार जिल्ह्यात हा आनुवंशिक आजार विशेष आढळतो. प्राणवायू सोडल्यावर रुग्णाच्या काही तांबड्या पेशी ताठर, विळ्यासारख्या होतात. वाहिनीची त्रिज्या तीच, दाबही तोच. तरी प्रवाह अडतो आणि हाडांत असह्य वेदना उठतात. केवळ नळी मोजणाऱ्या प्रतिमानाला या वेदनेचे कारण सापडणार नाही; त्यासाठी पेशीचा ताठरपणाच मोजावा लागतो.

आता विचार करा : तुमच्या वाचनातील एखादी उपमा नेमकी कोठे अपुरी पडते?