गाडी कुरकुरते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कविता लिहिणाऱ्या माणसाला मोटारीतलं काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. खरंच आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, पान्हा कधी हातात धरला नाही. पण कान आहे. ओळीत एक मात्रा जास्त झाली की तो टवकारतो. या कानानं एका ईदला जे ऐकलं, ते आज सांगतो.

भाचा पुण्याहून आमच्या म्हसवडला आला, तो जुन्या बाजारात घेतलेली स्पोर्ट्स कार घेऊन. दोन दारं, रुंद टायर, बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच. गल्लीतली पोरं गोळा झाली. गाडी दारात वळवून लावताना मात्र जुन्या वाड्याचा दरवाजा उघडावा तशी करकर ऐकू आली. "मामू, हे हळू चालवतानाच होतं. वेगात काही नाही," भाचा म्हणाला. शहरातल्या एका गॅरेजनं स्टिअरिंगचा अख्खा रॅक बदलायला सांगितला होता. खर्च ऐकून त्यानं ते पुढे ढकललं होतं. त्याच रात्री तो बायकोला घेऊन दहिवडी, मोगराळे घाट, फलटण असा परत निघणार होता.

मी त्याला बसस्थानकाजवळच्या मिस्त्रींकडे नेलं. आवाज हळू चालवतानाच का येतो, हे त्यांनी आधी समजावलं. गाडी उभी असली की टायर जमिनीला घट्ट धरून असतो. तो जागच्या जागी वळवायला सर्वांत जास्त जोर लागतो आणि तो सगळा ताण सांध्यांवर येतो. चाक फिरू लागलं की तोच टायर सहज वळतो. शिवाय वेगात वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात बारीक कुरकुर बुडून जाते.

काही आवाज मात्र निरुपद्रवी असतात. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. बैलगाडीला याची अडचण नाही. तिचा कणा वळत नाही, बैलच गाडी फिरवतात आणि दोन्ही चाकं आपापली फिरतात. चारचाकी बग्गीसाठी यावर तोड काढली म्युनिकच्या लांकेनस्पर्गर या कारागिरानं, १८१७ साली. आतलं चाक जास्त वळावं अशी दांड्यांची जोडणी त्यानं केली. १८१८ मध्ये लंडनला रुडॉल्फ आकरमन यांनी तिचं पेटंट घेतलं आणि नाव त्यांचंच राहिलं. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये हे गणित वेगातल्या वळणांसाठी थोडं बदललेलं असतं. म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवलं, की गुळगुळीत फरशीवर रुंद टायर घासतात, अडखळत उड्याही मारतात. तो दोष नव्हे.

मग मिस्त्रींची तपासणी सुरू झाली. ती क्रमानं लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पहिला प्रश्न, इंजिन बंद असताना आवाज येतो का? इंजिन चालू असतानाच घुरघुर येत असेल, तर तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमधलं तेल कमी झालेलं असतं किंवा त्यात हवा शिरलेली असते. किंचाळल्यासारखा आवाज बहुधा ढिल्या पट्ट्याचा. स्टिअरिंग अगदी टोकाला नेल्यावर थोडी सूं-सूं चालते, पण तिथं ते दाबून धरू नये. विजेच्या स्टिअरिंगला हा तेलाचा पंपच नसतो. तिथं मोटरची हलकी गुणगुण ऐकू येते.

दुसरा प्रश्न, आवाज चाकाच्या फेऱ्यांबरोबर येतो का? वळताना ठेक्यात टक्-टक् येत असेल आणि गाडीची पुढची चाकं इंजिनावर चालत असतील, तर चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा बाहेरचा सांधा झिजलेला असतो. भाच्याच्या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना होता, त्यामुळे ही शंका मिटली.

तिसरा प्रश्न, आवाज आत येतो की खाली? डॅशबोर्डमागे खरखर असेल तर स्टिअरिंगच्या दांड्याशी किंवा त्यावरच्या झाकणाशी काही घासत असतं. स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा टणत्कार असेल तर शॉकअॅब्सॉर्बरच्या डोक्यावरचं बेअरिंग पाहायचं.

गाडी खड्ड्यावर घेतली. इंजिन बंद ठेवून भाच्यानं स्टिअरिंग हळूहळू हलवलं आणि मिस्त्री खालून एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेले. डावीकडच्या खालच्या बॉल जॉइंटवर हात थांबला. करकर बोटांना जाणवत होती. हा सांधा आपल्या खुब्यासारखा, वाटीत गोळा बसवलेला. त्यावरची रबरी टोपी फाटली होती, आमच्या माणदेशाचा फुफाटा आत गेला होता आणि ग्रीस वाळलं होतं. जॅक लावून चाक वर-खाली हलवलं तर ते सैल लागलं. रॅक ठणठणीत होता.

भाच्याला घाई होती. "थोडं तेल मारा ना, आजची रात्र निघेल." मिस्त्रींनी मान हलवली. "तेल मारलं तर आवाज गप बसंल. पर झीज गप बसत न्हाय."

हा सांधा निसटला तर चाक आडवं होतं आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहतं. ते घाटात झालं असतं तर? भाचा मुकाट्यानं थांबला. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून सांधा मागवला. तो बसवून चाकांचं अलाइनमेंट केलं आणि तिसऱ्या दिवशी दोघं घाट उतरून सुखरूप गेले. रॅकच्या मानानं खर्च किरकोळ झाला.

मंडळी, सगळ्याच कुरकुरी धोक्याच्या नसतात. पण कुठली धोक्याची, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. गाडी मिस्त्रीकडे न्याल तेव्हा "आवाज येतो" एवढंच सांगू नका. उभ्या गाडीत की चालत्या, इंजिन बंद असताना की चालू, डावीकडे की उजवीकडे, हे सांगा. त्यानं निम्मं काम होतं आणि चांगला भाग फुकट बदलला जात नाही. आणि कुरकुर ऐकू आली की गाडीतल्या रेडिओचा आवाज वाढवू नका. रेडिओवर बोलणारा माणूसच हे सांगतो आहे, तेव्हा ऐका.