मँगॅनीज : गुणधर्म, आढळ आणि उपयोग

प्रस्तावना

वाई येथील कृष्णेचे घाट आणि मंदिरे ज्या काळ्या पाषाणात उभी आहेत, त्या बेसाल्ट खडकात मँगॅनीज हा धातू असतो. एक टन बेसाल्टात त्याचे प्रमाण साधारणतः दीड किलोग्रॅम भरते. तरीही मँगॅनीज मिळविण्यासाठी हा खडक कोणी खणत नाही. महाराष्ट्रातील मँगॅनिजाच्या प्रमुख खाणी तेथून शेकडो किलोमीटर दूर, नागपूर व भंडारा या जिल्ह्यांत आहेत. जो धातू जवळजवळ सर्वत्र आहे, तो ठरावीक ठिकाणीच काढणे का परवडते, हा प्रश्न या मूलद्रव्याच्या अभ्यासात मध्यवर्ती आहे. त्याचे उत्तर मँगॅनिजाच्या रासायनिक स्वभावात सापडते.

गुणधर्म

मँगॅनिजाचा अणुक्रमांक २५ व अणुभार ५४.९४ आहे. हा धातू करड्या-पांढऱ्या रंगाचा, कठीण पण ठिसूळ असून सुमारे १,२४६° से. तापमानास वितळतो. १७७४ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने पायरोल्युसाइट या खनिजात नवे मूलद्रव्य असल्याचे दाखविले आणि त्याच वर्षी गान यांनी कोळशाच्या साहाय्याने त्याचे क्षपण करून धातू वेगळा केला.

त्याची संयुजा २ ते ७ यांदरम्यान बदलते आणि तिच्याबरोबर संयुगांचे रंगही पालटतात. द्विसंयुजी लवणे फिकट गुलाबी, डाय-ऑक्साइड काळे, मँगॅनेट हिरवे, तर परमँगॅनेट गडद जांभळे असते. यांपैकी द्विसंयुजी मँगॅनीज पाण्यात सहज विरघळते. चतुःसंयुजी डाय-ऑक्साइड मात्र जवळजवळ अविद्राव्य असते. निसर्गातील मँगॅनिजाची वाटचाल या भेदावरच अवलंबून आहे.

नैसर्गिक आढळ

भूकवचात मँगॅनिजाचे प्रमाण सुमारे ०.१ टक्का आहे. चांगल्या प्रतीच्या धातुकात ते ४० टक्क्यांच्या पुढे असते, म्हणजे निसर्गाने ते सुमारे चारशे पट एकवटलेले असते. बेसाल्टात मँगॅनीज हे सिलिकेट खनिजांत लोहाच्या जोडीने विखुरलेले राहते. त्यामुळे ते वेगळे काढणे परवडत नाही. खडकाची झीज झाल्यावर ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात ते विरघळून वाहते आणि ऑक्सिजनयुक्त पाण्याशी संपर्क येताच ऑक्साइडरूपाने खाली बसते. लोह सहसा त्याआधीच अवक्षेपित होत असल्याने दोन्ही धातू एकमेकांपासून वेगळे होतात.

प्राचीन समुद्रात अशा प्रकारे साचलेला गाळ पुढे उष्णता व दाब यांमुळे रूपांतरित झाला. त्यापासून बनलेले खडक नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट व छिंदवाडा या पट्ट्यात ‘सौसर समूह’ म्हणून ओळखले जातात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील फर्मॉर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगॅनीज साठ्यांवर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. या पट्ट्यातील गार्नेट व क्वॉर्ट्झयुक्त खडकाला त्यांनी गोंड समाजाच्या नावावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या येथील प्रसिद्ध खाणी होत. या क्षेत्रात काम करण्यासाठी १९६२ मध्ये स्थापन झालेली मँगॅनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही नागपूरस्थित कंपनी आज ‘मॉइल’ या नावाने ओळखली जाते.

उपयोग

जगातील सुमारे नऊ-दशांश मँगॅनीज पोलाद उद्योगात खर्च होते. पोलादात गंधक राहिल्यास लोहाचे सल्फाइड बनते. ते कमी तापमानास वितळत असल्याने तप्त पोलाद लाटताना त्याला तडे जातात. मँगॅनीज गंधकाला स्वतःशी बांधून हा दोष टाळते. शिवाय ते ऑक्सिजनही काढून घेते. १८८२ मध्ये हॅडफील्ड यांनी सुमारे १२ टक्के मँगॅनीज असलेले पोलाद तयार केले. आघात होताच त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होतो. म्हणून रेल्वेरुळांचे सांधे व दगड फोडण्याच्या यंत्रांचे जबडे त्यापासून बनवितात. डाय-ऑक्साइड शुष्क विद्युत घटात, तर पोटॅशियम परमँगॅनेट जलशुद्धीकरणात वापरले जाते.

वनस्पतींत पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन मुक्त होण्याच्या क्रियेत मँगॅनिजाचे चार अणू भाग घेतात. चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीत मँगॅनीज अविद्राव्य रूपात अडकून पडते. अशा वेळी मातीत साठा असूनही पिकाच्या कोवळ्या पानांच्या शिरांमधील भाग पिवळा पडतो. यावर मँगॅनीज सल्फेटची फवारणी हा उपाय केला जातो. ‘असणे’ आणि ‘उपलब्ध असणे’ यांतील जो फरक खाणीत दिसतो, तोच शेतातही दिसतो.

मानवी शरीराला मँगॅनीज अल्प प्रमाणातच आवश्यक असते. त्याची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जासंस्थेवर कंपवातासारखे परिणाम होतात. कूपर यांनी १८३७ मध्येच धातुक दळणाऱ्या कामगारांत हा विकार नोंदविला होता. त्यामुळे खाणी व भट्ट्यांतील धूलिनियंत्रणाला पर्याय नाही.

समारोप

पोलादनिर्मितीत मँगॅनिजाला समाधानकारक पर्याय नाही. भंगार पोलाद पुन्हा वितळविताना त्यातील बरेचसे मँगॅनीज ऑक्साइड होऊन धातुमळीत जाते. निसर्गाने कोट्यवधी वर्षांत एकवटलेला धातू मनुष्य अशा रीतीने पुन्हा विखरून टाकतो. सागरतळावरील गोट्यांतही मँगॅनीज आहे. ‘गवेषणी’ या भारतीय जहाजाने १९८१ मध्ये असे गोटे वर काढले आणि १९८७ मध्ये भारताला हिंदी महासागरातील क्षेत्रात अग्रणी गुंतवणूकदाराचा दर्जा मिळाला. परंतु खोल समुद्रातून त्यांचे व्यापारी उत्पादन अद्याप सुरू झालेले नाही. म्हणून हलक्या प्रतीच्या धातुकाचे समृद्धीकरण आणि धातुमळीतील मँगॅनिजाचा पुनर्वापर यांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. मँगॅनीज दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहेत ते त्याचे एकवटलेले साठे, आणि ते पुन्हा भरून येत नाहीत.