संक्रांत पुढे का सरकते?

मकरसंक्रांत 14 जानेवारीलाच येते आणि त्याच दिवशी उत्तरायण लागते, असे पुष्कळजण मानतात. खरे तर उत्तरायण 21-22 डिसेंबरलाच लागते. सुमारे 1700 वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत, तेव्हाची सांगड तोंडी राहिली. तारीखही अढळ नाही. विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ला झाली, म्हणून ती ऐन संक्रांतीची असे आजही सांगतात. पण आजच्या गणिताने त्या वर्षी सूर्य मकर राशीत शिरला तो 10 जानेवारीच्या सुमारास.

याच्या मुळाशी आणखी मोठा गैरसमज आहे: वर्ष म्हणजे पृथ्वीची सूर्याभोवती एक फेरी, आणि तिचा काळ एकच. फेरी पुरी झाली हे ठरवायचे कशावरून? सूर्य पुन्हा त्याच ताऱ्यापाशी दिसायला 365 दिवस 6 तास 9 मिनिटे 10 सेकंद लागतात. हे नाक्षत्र वर्ष. वसंत संपातापासून (वसंतात दिवस-रात्र समान होतात त्या क्षणापासून) पुन्हा वसंत संपातापर्यंत मात्र 365 दिवस 5 तास 48 मिनिटे 45 सेकंदच. हे सांपातिक वर्ष, आणि ऋतू याच्याच तालावर चालतात. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते त्या बिंदूपासून मोजले, तर वर्ष नाक्षत्र वर्षाहूनही पावणेपाच मिनिटांनी मोठे भरते.

पहिल्या दोहोंत वीस मिनिटांचा फरक पडतो तो पृथ्वीच्या आसामुळे. विषुववृत्तापाशी फुगलेल्या पृथ्वीला चंद्र-सूर्य ओढतात, त्यामुळे तिचा आस भोवऱ्यासारखा डुलत सुमारे 25,800 वर्षांत एक फेरा घेतो. परिणामी संपातबिंदू दरवर्षी 50 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) पश्चिमेला सरकतो आणि पूर्वेकडे निघालेल्या सूर्याला थोडा आधीच भेटतो. असा सुमारे 72 वर्षांत एक दिवस साचतो.

लीप वर्षांचे नियम पाळणारे इंग्रजी कॅलेंडर सरासरी 365.2425 दिवसांचे, म्हणजे ऋतूंना धरून आहे. आपली निरयन पंचांगे ताऱ्यांना धरून आहेत. सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिषग्रंथातले वर्ष नाक्षत्र वर्षापेक्षा जेमतेम साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. दुर्बिणीविना साधलेली ही अचूकता थक्क करणारी आहे. खगोलशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून 1957 मध्ये आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेने सांपातिक वर्ष स्वीकारले, पण सण निरयनच राहिले. त्यामुळे बाविसाव्या शतकात संक्रांत 16 जानेवारीलाही येऊ लागेल.