आरशांविना लेझर, तोही हवेतच

१९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर मिळवला. तेव्हापासून प्रकाश वाढवणारे माध्यम आणि दोन टोकांना आरसे ही लेझरची ठरलेली घडण. पण भोवतालची हवाच ते माध्यम झाली, तर आरशांचीही गरज उरत नाही.

त्यासाठी लागतात फेम्टोसेकंद लेझरची स्पंदने. सेकंदाचा अब्जावा भाग घ्या आणि त्याचेही दहा लाख तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हणजे फेम्टोसेकंद. इतक्या अल्पकाळात ओतलेल्या मोजक्या ऊर्जेचीही शक्ती अब्जावधी वॅटवर जाते. तिच्यामुळे हवा भिंगासारखी वागते आणि झोत आपोआप एकवटतो. फार एकवटला की रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटून प्लाझ्मा बनतो, आणि प्लाझ्मा झोताला पसरवू लागतो. या दोन्ही परिणामांचा तोल साधला, की केसाएवढ्या जाडीचा प्रखर तंतू हवेत लांबवर टिकतो.

या तंतूत नायट्रोजनचे रेणू उत्तेजित होतात. त्यांचा वाढीव प्रकाश तंतूतून मागे येतो, हे कॅनडातील लावाल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये नोंदवले. २०११ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात ऑक्सिजन वापरला गेला. तिथली स्पंदने त्याहून बरीच लांब, पिकोसेकंदांची होती. २२६ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने रेणू तोडले, सुटलेले अणू त्याच प्रकाशाने उत्तेजित झाले आणि ८४५ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर उगमाच्या दिशेने परतला.

या परतण्यातच सारे महत्त्व आहे. दूरच्या हवेत मिथेन किंवा विषारी वायू किती आहे हे प्रकाशाने तपासायचे, तर आजवर विखुरलेल्या किरणांवर विसंबावे लागते. ते चहूकडे उधळतात, आपल्या वाट्याला अगदी थोडे येतात. लेझर तिकडेच जन्मून सरळ इकडे आला, तर वाटेतल्या वायूंची खूण घेऊन तो थेट उपकरणात शिरेल. कारखान्याच्या धुराड्यावर न चढता, गळतीच्या जागी माणूस न पाठवता तपासणी होईल.

अडचणी खऱ्या आहेत. अतिनील प्रकाश हवेत लवकर शोषला जातो, आणि नायट्रोजनच्या आयनांपासून मिळणारा ३९१ नॅनोमीटरचा लेझर मुख्यतः पुढच्याच दिशेने जातो. म्हणून अधिक तेजाच्या मागे लागण्यापेक्षा, दूरवर पोहोचून मागे फिरणारा झोत मिळवणे हेच या संशोधनाचे पहिले उद्दिष्ट असायला हवे. विषारी हवेजवळ माणसाला जावे लागू नये, एवढ्यासाठी तरी ते साधलेच पाहिजे.