रुग्णांची ने-आण करायची गाडी: आधी कागद, मग चाकं

मागे बडोद्याहून एका गृहस्थांचा फोन आला होता. शेजारच्या आजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला ते स्वतःच्या गाडीतून नेतात, चार तास थांबतात, परत आणतात. आता सोसायटीतली आणखी दोन घरं विचारताहेत आणि पैसेही द्यायला तयार आहेत. त्यांचा प्रश्न एवढाच होता: "हाच धंदा केला तर? गाडी तर दारात उभीच आहे."

गरज खरी आहे. १०८ ची गाडी तातडीच्या रुग्णासाठी असते. ठरलेल्या वारी डायलिसिसला जायचं, केमोथेरपीहून परत यायचं, प्लास्टर काढायला जायचं, यासाठी तिला बोलावता येत नाही. पण त्यांची गाडी पांढऱ्या नंबरप्लेटची होती, आणि सगळी गोम तिथेच आहे.

खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत 'वापराची मर्यादा' अशी एक ओळ असते. ती बारीक अक्षरात असल्यामुळे कोणी वाचत नाही. भाडं घेऊन माणसं नेणं त्यात बसत नाही. अपघात झाला तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. रस्त्यावरच्या जखमी माणसाच्या भरपाईबाबतही मोटार वाहन कायद्याचं कलम १५० विमा कंपनीला हा बचाव घेऊ देतं. न्यायालयांनी अनेकदा 'आधी भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश दिला आहे. म्हणजे जखमीला पैसे मिळतात, पण वसुलीची नोटीस तुमच्या दारात येते. एका रुपयाचंही भाडं घेतलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर फुकट नेलेला सहप्रवासी त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं आहे. पॅकेज पॉलिसीची गोष्ट वेगळी.

मग रस्ते दोन. रुग्ण बसून प्रवास करू शकत असेल तर गाडी टॅक्सी म्हणून नोंदवा, परमिट घ्या, पिवळी प्लेट लावा. स्ट्रेचर लागणार असेल तर मात्र ती रुग्णवाहिकाच हवी.

आपल्याकडे रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ हे मानक आहे. त्यात चार प्रकार आहेत. त्यातला 'बी' प्रकार, म्हणजे पेशंट ट्रान्सपोर्ट व्हेइकल, नेमका ज्यांची प्रकृती वाटेत अचानक बिघडण्याची शक्यता नाही अशा रुग्णांसाठी आहे. आपल्या कामाला हाच प्रकार लागू पडतो. व्हेंटिलेटरवाल्या 'डी' प्रकारावर पैसे घालायची गरज नाही. पण जुनी व्हॅन घेऊन कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये सीट काढून स्ट्रेचर बसवला, असं आता चालत नाही. गाडीच्या रचनेला अधिकृत चाचणी संस्थेची मंजुरी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. म्हणून गाडी विकत घेताना विक्रेत्याकडे ते मंजुरीचं प्रमाणपत्र मागा. तो टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा.

परमिटबाबत एक दिलासा आहे. कायद्याच्या कलम ६६ नुसार केवळ रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या वाहनाला परमिट लागत नाही. फिटनेस सर्टिफिकेट मात्र लागतं, पीयूसी लागतं, आणि वाहनकर प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. चालकाबद्दलही लोक विचारतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की साडेसात हजार किलोच्या आतलं वाहतूक वाहन चालवायला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. आणि सायरन? डायलिसिसच्या ठरलेल्या फेरीला तो वाजवायचा नसतो. रस्त्यावरची सवलत जीव वाचवण्याच्या घाईसाठी आहे, ट्रॅफिक चुकवण्यासाठी नाही.

जीएसटीची गंमत ऐका. रुग्णवाहिकेतून रुग्ण नेण्याच्या सेवेला करमाफी आहे. तोच रुग्ण टॅक्सीतून नेला तर ती माफी मिळत नाही. तिथे वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या (काही राज्यांत दहा लाखांच्या) पुढे गेली की नोंदणीचा प्रश्न येतो.

आता विमा. रुग्णवाहिकेची पॉलिसी 'विविध व विशेष वाहने' या वर्गात निघते. थर्ड पार्टीत मृत्यू किंवा इजेसाठी रकमेची मर्यादा नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी ती साधारणपणे साडेसात लाख असते. एवढ्यावर सही करू नका. आत बसणारा रुग्ण आणि त्याचा नातेवाईक यांची जोखीम घेतली आहे का, किती जणांची, हे कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी 'हो साहेब, सगळं येतं'ला दावा करताना काडीची किंमत नसते. पगारी चालकाबरोबरचा मदतनीस आपोआप विम्यात येतो असं धरून चालू नका. त्याच्यासाठी वेगळा हप्ता भरा.

आणि ज्याचा विचार फार कमी लोक करतात ती गोष्ट म्हणजे जिना. तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट बंद असताना, आजींना खुर्चीवर बसवून उतरवताना मदतनीसाचा पाय घसरला, तर? गाडी खाली उभी आहे, इंजिन बंद आहे. वाहनाच्या वापरातून झालेला अपघात म्हणून मोटार विमा तिथे उभा राहील याची खात्री नाही. रुग्ण तर पैसे देणारा ग्राहक आहे, तो ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची वेगळी पॉलिसी मागा आणि 'रुग्णाला उचलणे, उतरवणे' हे शब्द तिच्यात आहेत का ते बघा. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा म्हणून जो आहे, तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. नावाच्या सारखेपणामुळे गल्लत होते.

बडोद्याच्या गृहस्थांना मी हिशेब मांडून दाखवला: गाडी, चालक, मदतनीस, दोन पॉलिसींचे हप्ते, आणि समोर तीन घरं मिळून आठवड्याच्या नऊ फेऱ्या. आकडा जुळेना. त्यांनी जवळच्या डायलिसिस केंद्राशी बोलून आणखी रुग्ण मिळतात का ते आधी बघायचं ठरवलं. तोवर आजींना ते पूर्वीसारखंच नेतात, भाडं न घेता. फक्त थर्ड पार्टीची पॉलिसी बदलून त्यांनी पॅकेज पॉलिसी घेतली आहे.